नखांची तपासणी

बोर्बाला, तुझे पाय मी कधी पाहिले नाहीत.
ते पाण्याखाली रवीसारखे घुसळत असायचे,
आणि पंचाला वरचंच दिसतं, तेही अर्धं.
माझ्याकडे तुझे हात यायचे,
सामन्याआधी, काठावर, रांगेत.

पहिल्यांदा सेन्तेशला. तू चौदाची,
करंगळीवर जांभळ्या पॉलिशचा टवका.
मी कात्री दिली. रडवेली होऊन
कापलीस नखं, वाकडीतिकडी.

मग पिरेयसला करंगळीच वाकडी.
सबादेलला अंगठीच्या जागी पांढरा पट्टा,
पुढच्या उन्हाळ्यात तोही रापून गेलेला.
मी विचारलं नाही.
पंचानं बोटाचं टोक तळव्यावर घासून
एवढंच बघायचं: ओरखडा उठतो का.

लाल टोपी, एक नंबर.
सोळा वर्षं तळाला पाय न लावता उभी राहिलीस.
एकदा बुडापेस्टला मी पेनल्टी चुकीची दिली.
तू अडवलीस,
आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस.
ते अजून लागतं मला.

परवा शनिवारच्या बाजारात
आईच्या मिरच्यांमागे तू, स्टुलावर,
खुब्याचं ऑपरेशन झालेलं.
मी दोन किलो मागितल्या, पिवळ्या.
पैसे घ्यायला हात पुढे केलास
तर दोन्ही आले,
पालथे, बोटं फाकलेली.

नखांत हरितगृहाची माती. आणि लांब,
चांगली लांब.
मी अंगठा फिरवला.
‘नाही सोडता येणार,’ म्हटलं.

मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
तू एक मिरची जास्तीची टाकलीस.