रकाना सातवा

कुताइसीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी रकाने भरते.
नाव, गाव, वय, कुठवर पसरलंय.
सातवा, धूम्रपान.
तीन चौकोन: कधीच नाही, सोडली, चालू आहे.
फुली एकाच चौकोनात.
दोन फुल्यांचा कागद यंत्र घेत नाही.

नुगझार आला,
म्हणजे आधी त्याच्या कोटाचा वास आला, मग तो.
चिआतुराचा. छत्तीस वर्षं रोपवेवर,
दरीपलीकडून खाणीतली माणसं ओढून आणायची,
मँगनीजनं काळी झालेली, लोखंडी डब्यात आठ-आठ.
"ओढणं हाच आमचा धंदा," म्हणाला.
"एक डबा पोचायचा, दुसरा सुटायचा,
तेवढ्यात एक व्हायची."

बोट दुसऱ्या चौकोनावर ठेवून विचारलं,
सोडली म्हणजे कधीपासून?
नियमानं एक वर्ष, मी म्हटलं.
"वरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं मिळून
वर्ष दिलंय. तेही चाचरत.
मग ह्या घरात मी राहायला कधी यायचं?"
मी "चालू आहे"वर फुली मारली.
पेन्सिलनं.

जिन्यात त्याचा जावई एतेरीबाईंना म्हणत होता,
आता कशाला छळता, ओढू द्या की.
बाई भिंतीला टेकल्या.
औषध जरा बरं लागू पडतं, म्हणाल्या.
धाप थोडी कमी.
काहींना काही महिने जास्त.
कुणाला, ते विचारू नका.

अकरा वर्षं हे कागद माझ्या हातातून जातात.
सातवा रकाना आणि एकोणिसावा,
जिथे महिने लिहायचे,
त्यांचं आपसात काहीतरी बोलणं आहे, हे मला कळतं.
पण मग लामारा येते.
कधीच नाही. शाईनं, ठळक.
पाव भाजणारी बाई, तंदुरीत कमरेपर्यंत वाकणारी.
जो भेटेल तो आधी विचारतो, ओढायचीस का गं?
नाही म्हटलं की चेहरे उतरतात.
मी जणू त्यांच्या हातातली काठीच काढून घेते.
सलाइनच्या खुर्चीत नुगझारला म्हणाली,
तुला निदान चव तरी मिळाली, मेल्या.
तो हसता हसता खोकला,
खोकता खोकता तिचा हात धरून बसला.
तिच्या एकोणिसाव्यात मी पाच लिहिलं.

त्याच्या खिशात आता सूर्यफुलाच्या बिया.
दर तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर टरफलं.
सातवा महिना. आठवा.
नवव्यात खिडकीशी वाकून म्हणाला,
"गल्लीच्या तोंडाशीच पावाचा वास येतो मला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
आणि आता त्या दुकानात कोण आहे, तर तिची सून.
मीठ जास्त घालते."

आमच्याकडे भेटल्यावर जे म्हणतात
त्या शब्दाच्या पोटात विजय असतो.
तेराव्या महिन्यात तो मला तो शब्द म्हणाला नाही.
उभाच राहिला.
"एक ओढली. अर्धी.
नातवाच्या बारशाला, गच्चीवर.
चव नाही आली. तरी ओढली."
मी म्हटलं, वर्ष झालंय, आता तुम्ही सोडलेल्यांत.
"अर्धी कुठं लिहितेस?"
तिला रकाना नाही.
"मग असू दे," म्हणाला,
आणि टरफलं गोळा करून कोटाच्या खिशात घातली,
पहिल्यांदाच.

चौदा.
लिहून झाल्यावर खोडरबर घेतला,
सातव्यातली पेन्सिल पुसायला.
अर्धी पुसली.
शेजारच्या चौकोनात शाईनं फुली मारली
आणि तसाच कागद यंत्राला दिला,
घेणार नाही हे माहीत असून.
यंत्रानं आत ओढला,
जरा वेळ धरला,
सोडला.