दर पंचवीस सेकंदांनी

पुएर्तो माँतच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्रपाळीला मी एकटाच असतो.
मी आणि एकशे बारा बोगदे.

बोगदे आपले म्हणायचे.
ना सुरुंग, ना दगडमाती, ना कुणाच्या हाताला फोड.
कंपनीचं एक कुलूप इथं,
दुसरं बेटावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात,
आणि मधल्या चव्हाट्यावरून
आमचे आकडे तोंड झाकून जातात.
कुणी डोकावलंच, तर हाती लागतो नुसता गोंगाट.
दाराची राखण माझ्याकडे.
आतलं उघडून बघायची मुभा मलाही नाही.

सोमवारी सांतियागोहून हिशेबतपासनीस आले,
बूट न पुसता, आणि यादी मागितली:
कोण जोडलेलं आहे, कधीपासून, कशासाठी.
एकशे अकरा जणांची उत्तरं होती माझ्याकडे.
एक ओळ एकोणीस दिवस तुटलीच नव्हती.
एर्सिलिया कार्कामो. आचाओ, किंचाओ बेट.
"ही बाई झोपत नाही का?"

एर्सिलियाला जाऊन अठरा दिवस झाले होते.

अकरा वर्षं ती घरून सामन माशांचा हिशेब ठेवायची.
कुठल्या पिंजऱ्याला किती पोती खाद्य,
कुठल्या पिंजऱ्यात सकाळी किती मेलेले.
मेलेल्यांच्या रकान्यात तिची खाडाखोड कधी नसे.
तिचा स्वतःचा आकडा भरायला
आमच्याकडे रकानाच नव्हता.
मनुष्यबळ विभागानं पुष्पचक्र पाठवलं.
आम्हाला कळवायचं राहून गेलं.

तेवढ्या दिवसांत यंत्रं आपापसात बोलत राहिली.
दर पंचवीस सेकंदांनी इकडून: आहेस?
तिकडून: आहे.
आहेस?
आहे.
करू नये तो हिशेब मी करून बसलो.
बासष्ट हजारांहून जास्त वेळा
तिच्या नावानं कुणीतरी हो भरली होती.

नियम सातवा: गेलेल्या माणसाची जोडणी
चोवीस तासांत तोडावी.
नियम माझ्याच हातचा.
गेलेला म्हणजे नोकरी सोडून गेलेला,
एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. नोल्बेर्तो,
होड्यांच्या फटी बुजवणारा.
म्हणाला, चुलीमागच्या फळीवर तो डबा आहे,
त्याचा हिरवा दिवा मी मालवलेला नाही.
धूळ पुसतो, ती त्याला वळसा घालून.
मध्ये वीज गेली, तर शेजाऱ्याचा जनरेटर मागून आणला.
त्यानं तुमचं काही बिघडलं का?

नाही, मी म्हटलं. बिघडलं काही नाही.
मग घसा साफ करून: पण ठेवताही येत नाही.
"कधी?"
आत्ता. म्हणजे, तुम्ही म्हणाल तेव्हा.
पण आत्ता.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
लोकर वाळत घातलेली असावी, काहीतरी खाली पडलं,
त्यानं ते उचललं, परत बसला.
"हं," म्हणाला.

मी तिचं प्रमाणपत्र रद्द केलं.
एक कळ. एवढंच असतं ते.

आहेस?

पंचवीस सेकंद.

आहेस?

"दिवा नारिंगी झाला," तो म्हणाला.
"आणि पडद्यावर पासवर्ड मागतोय.
मला ठाऊक आहे तो. सांगू?"

अकरा वर्षं जो येईल त्याला हेच बजावत आलोय,
कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवूनही ठेवलंय.
"नाही," मी म्हटलं. "कुणाला सांगायचा नसतो.
मलासुद्धा नाही."

तो गप्प झाला. फोन खाली ठेवला नाही.
मग तिकडे एका बोटानं, शोधत शोधत,
एकेक अक्षर दाबल्याचे आवाज येऊ लागले.
दार आता उघडणार नव्हतं.
मी फोन कानाशी धरून बसलो.
किती अक्षरं होती, ते मोजलं नाही.