अठरा इंची, बावीस इंची

उदगीरला, वखारीच्या पत्र्याखाली
रज्जाक मिस्त्रीनं दोन्ही मशिनी शेजारी मांडल्या.
एक बावन्न सीसीची, पातं अठरा इंची.
दुसरी बासष्टची, बावीस इंची,
अंगावरचं स्टिकरसुद्धा अजून न निघालेली.

ओंडका एकच. बाभळीचा.
वाळून लोखंड झालेला.
भुजंगानं मोबाइलवर सेकंद लावले.

मोठी एकतीसात पार.
धाकटीला चव्वेचाळीस. मधे एकदा गुदमरली,
परत चोक, परत दोरी,
परत तोच तांबूस भुसा डोळ्यात जाणारा.

"ताकद दिसायलीय की," मालक म्हणाला.
मी गप.
मोठीचं वजन सव्वासात किलो, तेल-पेट्रोल सोडून.
खाली उभं राहून ते कळत नाही.
वर कळतं,
कमरेला दोर, पायाशी विजेची तार,
आणि मशीन एका हाताला लोंबकळायली.

मग चहा आला.
मोठी लिंबाजीनं चालवली होती.
त्यानं कप धरला
तर कप बशीत वाजायलाच लागला,
थांबंना.
तो हसला, दुसऱ्या हातानं मनगट दाबलं.
भुजंगानं घड्याळ पुन्हा लावलं होतं, कुणी न सांगता.
तीन मिनिटं सात सेकंद.

रज्जाकनं तेही खडूनं पत्र्यावर लिहिलं
एकतीस, चव्वेचाळीसच्या खाली,
कशाचं ते न लिहिता.

मालकानं मोठीच घेतली.
मी धाकटीची साखळी मांडीवर घेऊन
दाताला कानस लावत बसलो.
दुपारी लोहाऱ्याला एक चिंच उतरवायची होती,
घराच्या अगदी अंगावर आलेली.