तेहेतीस नंबरचं स्वयंपाकघर

शनिवारी सकाळी नऊला आम्ही जमतो
कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकान नाही आता.
फुटपाथची कड आहे, आणि एक दिव्याचा खांब,
जो अजूनही रोज रात्री कुणासाठी तरी लागतो.

मी या गल्लीत बावीस वर्षं टपाल टाकलं.
म्हणून फावडी वाटायचं काम नेव्हिलचं,
जागा सांगायचं माझं.
सहा पुरेई एकोणतीसच्या पायरीपाशी.
टोएटोए एकतीसच्या गॅरेजात.
हाराकेके तेहेतीसच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या खाली.
नव्या मुली हसतात.
जुने हसत नाहीत, सरळ चालत जातात
आणि नसलेल्या दारातून
किंचित वाकून आत शिरतात.

ख्राइस्टचर्चची घरं भूकंपानं पडली, असं लोक म्हणतात.
आमची बरीचशी उभीच होती.
जमीनच खालून पातळ झाली.
राखाडी गाळ न्हाणीतून, फरशांच्या फटींतून
रटरटत वर आला.
मग सरकारनं नकाशावर लाल रंग फिरवला
आणि शेजार शहरभर पांगला.
लागी आता दोन बस बदलून येते,
पिशवीत सगळ्यांपुरता पाव आणि एकच सुरी.
तिला शेजारीण म्हणावं का अजून, ठाऊक नाही.
हातमोजा विसरलात तर मात्र आपला एक काढून देते.

ओटाकारो नदी कुठे गेली नाही.
काठ खचला, पात्र जरा वाकडं झालं, इतकंच.
मोठ्या भरतीला समुद्र अजून तिला उलटी ढकलतो
आणि इनांगा, बोटभर लांबीचे आरपार दिसणारे मासे,
काठच्या गवताच्या बुंध्यात अंडी घालून जातात.
पाणी उतरतं. अंडी कोरड्यावर राहतात,
पुढच्या भरतीच्या भरवशावर.
म्हणून आम्ही पाटी लावली: गवत कापू नये.
पालिकेच्या यंत्रवाल्यानं पाटीच कापली.

पुकेको तर लावलेलं रोप उपटते,
बाजूला ठेवते, खात नाही,
लाल चोच वाकवून नुसतं बघते, खाली काय आहे.
मी तिला हाकलत नाही.
बुटाच्या टोकानं मीही तेच करतो कधीकधी.
परवा निळ्या कपाची कान तुटलेली कड निघाली.

हाराकेकेचं मधलं पातं म्हणजे बाळ,
दोन्ही अंगांना आईबाप. त्यांना सुरी लावायची नाही.
टोपली विणायची तर बाहेरचे आजी-आजोबा घ्या,
असं विकिटोरियानं शिकवलं.
माझं वय बाहेरच्या पात्याचं. मी विचारलं,
त्यांना काय वाटत असेल?
ती म्हणाली, काय वाटायचंय, टोपली होतात.

ऑगस्टच्या शेवटी पंचाईत झाली.
तेहेतीसच्या अंगणात डॅफोडिल उगवले,
मर्लनं लावलेले, सरळ रांगेत,
जिथे रांगेच्या टोकाला आता काहीच नाही.
मर्ल टिमारूला मुलाकडे गेली आणि तिथेच वारली.
तिच्या बियाण्यांचे कॅटलॉग मात्र दोन वर्षं येत राहिले;
मी प्रत्येकावर नवा पत्ता लिहीत राहिलो, वारल्यावरही.

यादी हातात धरलेला मुलगा म्हणाला, हे परदेशी. काढायचे.
चूक नव्हती त्याची. विलो आम्ही करवतीनं कापले,
आयव्ही ओढून काढली, दया न करता.
माझे पणजोबाही बोटीनंच आले होते, हे मी बोललो नाही.
विकिटोरिया उकिडवी बसली, बराच वेळ.
मग दोन हात अंतर सोडून खड्डा खणायला लागली.
नेव्हिलनं पुठ्ठ्याचं एक कुंपण उघडलं
आणि डॅफोडिलभोवती बसवलं,
बांबूच्या तीन काटक्या ठोकून, रोपांना बसवतो तसं.

दुपारी मोजदाद झाली.
रोपं एकशे चौदा, कुंपणं एकशे पंधरा.
मुलानं पुन्हा मोजली,
मग खोडरबर काढलं.

पुढच्या शनिवारी पस्तीस नंबर.
तिथे पत्र टाकायला मला कधी थांबावं लागलं नाही,
खिशातच घालून आत जायचो.
फाटकापासून अकरा पावलं, डावीकडे खिडकी.
जागा मलाच सांगायची आहे.
खिडकीत काय लावायचं, अजून ठरत नाही.