तांदळाच्या दाण्याएवढी

चांदिवली. रात्री दीड ते चार,
बँकेने दिलेली सवड एवढीच.
पंखे थकत थकत थांबले तेव्हा
ऑल्विन म्हणाला, पूर्ण निवू देऊ नकोस,
कोमट असतानाच लेप सुटतो.

स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा आटा.
हीटसिंक ओढायचा नसतो,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा
किंचित फिरवायचा.
सुटला. फटींत सहा वर्षांची धूळ.

प्रोसेसर तळहातावर घेतला. बिस्किटाएवढा.
किती पगार, हप्ते, परत आलेले चेक
गेले असतील यातून; ओरखडासुद्धा नाही,
फक्त राखाडी पापडी,
जी मी स्पिरिटने पुसली
भंगारातच जायचा होता तरी.

दुसऱ्या सॉकेटमध्ये एक पिन वाकडी.
ऑल्विनने चष्मा कपाळावर चढवला,
पाकिटातून सुई काढली
(बायको गेल्यापासून बटणं तोच लावतो)
आणि तीन हजारांतली ती एक
शेजारणींच्या ओळीत उभी केली.
मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

मग पेस्ट. तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध.
कमी पडली तर उष्णता अडते, जास्त झाली तरी.

तीन बावन्न.
पंखे एकदम किंचाळले, मग जरा समजुतीने बोलू लागले.
पडद्यावर: प्रोसेसर दोन. एकेचाळीस अंश.
ऑल्विन खाली वाकून सुई शोधत होता.

फाटकावर हजेरीचं यंत्र
माझा अंगठा घेईना.
रेषांत राखाडी भरलेलं.
वॉचमन म्हणाला, मॅडम, दुसरं बोट द्या.
दिलं.

ऑल्विनचं कुठलंच बोट उमटलं नाही.
त्याच्यासाठी तिथे एक वही ठेवलेली असते.