नमुना क्रमांक एकोणीस

नियम साधे होते:
आदल्या दिवसापासून साबण नाही, पावडर नाही,
लसूण शक्यतो नको,
आणि मनगटापासून कोपरापर्यंत
नायलॉनचा मोजा, सहा तास.
परळच्या तिसऱ्या मजल्यावर
तेहतीस माणसांनी आपापला वास
काढून दिला माझ्याकडे.
मी चिमट्याने उचलला, कुपीत घातला,
आकडा चिकटवला.

नावं कपाटात. कुलूप.

काचेच्या नळीला दोन तोंडं.
एकात चौदाचा मोजा, दुसऱ्यात एकोणीसचा,
मध्ये चाळीस माद्या,
पायांवर पांढरे पट्टे, सकाळपासून उपाशी.
झडप उघडली
आणि मी पेन्सिल उचलेपर्यंत
सदतीस एकोणीसकडे.
बाजू बदलली. जोडीदार बदलला. वार बदलला.
एकोणीस.
माझाही हात होता त्यात, सात नंबर.
माझ्याकडे तीन आल्या,
त्यातली एक बहुधा वाट चुकलेली.

आई म्हणायची, रक्त गोड त्याला डास फार.
यंत्र गोडाचं काही बोलत नाही.
ते वास तापवतं, केसाएवढ्या नळीतून सोडतं,
हलके रेणू आधी सुटतात, जड मागून रेंगाळत,
आणि कागदावर सुळके उठतात.
एकोणीसच्या कागदावर उजवीकडे
आम्लांची अख्खी रांग,
पंधरा कार्बनचं, सतरा कार्बनचं,
खवट लोण्याच्या लांबच्या नात्यातली.
कातडीवरच्या तेलावर जगणारे जंतू
त्यात आपली भर घालतात.
पागडीचे भाडेकरू ते,
घासा, पुसा, जागा सोडत नाहीत.

कपाट उघडलं तेव्हा कळलं:
एकोणीस म्हणजे हरेश्वर वैती,
पालिकेचं कीटकनाशक खातं,
बावीस वर्षं शिवडी ते लालबाग
गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं उचलून
पाण्यात बॅटरी मारणारे.
टायर, कुंड्या, फ्रीजमागचा ट्रे.
ज्यांना शोधत फिरले
त्यांनाच सगळ्यांत आवडले.

हसले नाहीत. विचारलं,
"धुऊन जातं का?"
नाही म्हटलं.
"रिटायर झाल्यावर?"
तेव्हाही बहुतेक हेच.
"मग माझा मोजाच लावा ना सापळ्यात.
ओव्हरटाइमचं बघू नंतर."

जाताना कागदाची झेरॉक्स मागितली.
नियमात बसत नव्हतं. दिली.

आठवड्याने मालिनीताईंना घेऊन आले.
त्या कागद उलटसुलट करत म्हणाल्या,
"आणि धूर? धूर कुठाय ह्यात?"
बावीस वर्षं रोज संध्याकाळी
डिझेलचा, औषधाचा धूर घरी यायचा
शर्टाच्या आत ह्या माणसाला घेऊन.
मी दाखवलं: हे मधलं बुटकं टेकाड, एवढंच.
बाकी सगळे ते.

त्यांनी बोट उजवीकडच्या सुळक्यावर ठेवलं,
खाली आणलं, पुन्हा वर नेलं.
"हे त्यांना लांबून कळतं?"
हो.
"आणि मला..." म्हणाल्या,
तेवढ्यात चहा आला.

मोजा उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये आहे,
कुपीवर बर्फाची पिठी.
रात्री माझ्या खोलीत एखादी येते,
कानाशी वाजते, मग गप्प होते,
म्हणजे हाताच्या आसपास असणार.
मी हात हलवत नाही.
बसते का, बघते.