आस्लाकच्या नावाने

फाइल आस्लाकच्या नावाने आली.
जाळ्यांचं बिल, थकलेलं, तिसरं स्मरणपत्र.
जानेवारी होता, वार्दोला सूर्य अजून परतला नव्हता,
धक्क्यावर तीन बोटी एकदम लागलेल्या.
मी बिल उघडलं.
काहीच झालं नाही.
हेच मला नंतर ज्याला त्याला सांगावं लागलं:
काहीच झालं नाही, मी कॉफी आणायला गेले.

परतले तर पडद्यावर नावं बदलत होती,
एकेक बोट, एकेक वजन,
कुणीतरी भराभर कुलपं घालत निघाल्यासारखं.
तुर्गुन खोल्याखोल्यांतून धावली,
"आधी वायरी काढा! रडायचं ते मग रडा!"

ट्रोम्सोहून एक पोरगा आला, नाकाला सर्दी.
म्हणाला, यात जीव नसतो.
भूक नाही, राग नाही, तुमचं नावही ठाऊक नाही.
कुणीतरी बसून लिहिलेल्या ओळी,
त्यांना एवढंच सांगितलेलं: आपल्यासारखं आणखी कर, पुढे जा.
पाय नसतात त्याला. तुमचे वापरतो.
दार फोडत नाही,
ओळखीच्या आवाजात हाक मारतो
आणि कडी तुम्ही काढता.

तुर्गुन दर शुक्रवारी एक डिस्क
बिस्किटांच्या डब्यात घालून घरी न्यायची,
तळघरात, बटाट्यांशेजारी.
आम्ही हसायचो: मासे पळून जाणारेत का?
त्या डब्यातून सगळा हिवाळा परत आला,
शुक्रवारपर्यंतचा.
सोमवार-मंगळवार गेले ते गेलेच.
ते आम्ही पेन्सिलीने लिहिले, नाखव्यांच्या आठवणीवरून.
कुणी खोटं बोललं नाही.
फक्त सोमवारचा कॉड जरा वजनदार निघाला.

फेब्रुवारीत पुन्हा बिल आलं. जाळ्यांचं. आस्लाकच्या नावाने.
माझं बोट माउसवरच थबकलं.
भिंतीवरच्या जुन्या यादीतून नंबर काढला
(बिलावरचा नव्हे, हे त्या पोराने तीनदा बजावलेलं)
आणि विचारलं, "आस्लाक, हे तूच पाठवलंस?"

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
"मीच," तो म्हणाला. "नाताळापासून
कुणाचा फोन नाही बघ."
मग बोटांचं सांगत बसला,
गाठ आता पहिल्यासारखी बसत नाही,
सुई दिसते, भोक दिसत नाही.

खिडकीत सूर्य होता, टेबलाच्या कडेपुरता.
बिल तसंच पडलं होतं,
न उघडलेलं.
मी म्हटलं, "बोल, ऐकतेय."